मळसूत्राआधीचे बारीक भोक

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारपेठेची वाटचाल, करांचे नियम, उधारी-वसुलीच्या अडचणी अशा विषयांवर अनुभवी मंडळींचे लेख येतात आणि आपण ते आवडीने वाचतो. यंदा संपादक मंडळाने मजकडून लेख मागितला, तेव्हा मी मनाशी ठरविले की, धान्याच्या व्यापारावर पुन्हा लिहिण्यापेक्षा ज्या वास्तूत तो व्यापार चालतो तिच्या एका उपेक्षित अंगाविषयी चार शब्द लिहावेत. दुकानाची फळी, वखारीचे दार, वानगीचे कपाट, थप्पीखालचे लाकडी पाट ही सारी शेवटी कशाच्या आधारावर टिकून असतात? खिळ्यांच्या आणि मळसूत्रांच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यात आपण ज्यांस स्क्रू म्हणतो त्यांच्या. आणि तो खिळा वा स्क्रू कशाच्या आधारावर टिकतो? तर तो बसविण्यापूर्वी पाडलेल्या एका बारीक भोकाच्या. कारागीर त्यास ‘पायलट’ म्हणतात; मी त्यास ‘वाटाड्या’ म्हणतो, कारण वाट दाखविणे हेच त्याचे काम.

विषय क्षुल्लक वाटेल. सुताराचे काम सुताराने पाहावे, व्यापाऱ्याने त्यात कशास डोके घालावे, असेही कोणी म्हणेल. तथापि हे भोक पाडले जाणार की नाही हे बहुतांशी सुतार ठरवीत नाही. काम सांगणारा मालक ठरवितो. ते कसे, हे लेखाच्या अखेरीस सांगेन. तत्पूर्वी या भोकाची आवश्यकता का आहे ते पाहू.

टोक आले आणि भोक गेले

आज आपण पाहतो त्या स्क्रूस अणकुचीदार टोक असते. पण हे टोक फार जुने नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बाजारात मिळणारे लाकडी कामाचे स्क्रू टोकाशी बोथट असत. असा स्क्रू लाकडावर टेकवून कितीही फिरविला तरी आत शिरणे अशक्य. त्यामुळे प्रत्येक कारागिरास आधी सामत्याने किंवा गिरमिटाने भोक पाडावेच लागे. त्यात निवड नव्हती. पुढे अमेरिकेत टॉमस स्लोन यांस टोकदार स्क्रूच्या निर्मितीबाबत १८४६ साली पेटंट मिळाले. इंग्लंडातील बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड यांनी त्या यंत्रांचे मोल ओळखले आणि चेंबरलेन घराण्याचे भांडवल जोडीस घेऊन १८५४ साली यांत्रिक पद्धतीने असे स्क्रू काढण्याचा मोठा उद्योग उभारला. त्या पेढीचा हिशेब पाहण्यास गेलेला चेंबरलेन घराण्याचा अठरा वर्षांचा मुलगा जोसेफ पुढे ब्रिटनचा वसाहतमंत्री झाला, हे आपल्या व्यापारी बांधवांस वाचून कौतुक वाटेल.

टोकामुळे सोय झाली यात शंका नाही. पण त्याबरोबर एक गैरसमजही रूढ झाला. टोक आहे त्या अर्थी स्क्रू स्वतःच आपली वाट करील, असे लोकांस वाटू लागले. आपल्याकडे तर याहून पुढची मजल गाठली गेली. स्क्रू टेकवायचा, हातोड्याने मानेपर्यंत ठोकायचा आणि शेवटचे दोन फेरे तेवढे पेचकसाने द्यायचे, ही रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. वरून काम नीटनेटके दिसते. आत मात्र स्क्रूच्या आट्यांनी लाकडाचे तंतू कापून वाट काढलेली नसते, तर फाडून काढलेली असते. असा स्क्रू म्हणजे दुप्पट किमतीचा खिळाच होय. किंबहुना खिळ्याहूनही वाईट, कारण आट्यांनी आजूबाजूचे लाकूड सैल करून ठेवलेले असते.

लाकडाच्या पोटात काय घडते

लाकूड हे दगडासारखे सर्व बाजूंनी एकसारखे नाही. कडब्याची पेंढी डोळ्यांपुढे आणावी. ती लांबीच्या बाजूने ओढून तुटत नाही, पण तिचे ताट ताटापासून वेगळे करणे मुलासही जमते. लाकडाचे तंतू असेच एकमेकांलगत उभे असतात. तंतूंच्या दिशेने लाकूड अतिशय बळकट, परंतु तंतू एकमेकांपासून विलग करणाऱ्या जोरापुढे ते दुबळे असते. म्हणून तर कुऱ्हाडीच्या एका घावाने ओंडका उभा चिरतो, पण आडवा तोडावयास घाम गाळावा लागतो.

आता स्क्रूचा हिशेब करू. आठ नंबरच्या स्क्रूची जाडी सुमारे ४.२ मि.मी. असते. आटे वगळून जो मधला गाभा उरतो तो सुमारे २.८ मि.मी. जाडीचा. हा गाभा पंचवीस मि.मी. खोल गेला की सुमारे दीडशे घन मि.मी. जागा व्यापतो. ही जागा आधी रिकामी करून ठेवली नसेल, तर तेवढे लाकूड कोठेतरी सरकलेच पाहिजे. ते सरकते बाजूस आणि तंतूंमध्ये पाचर मारल्यासारखा ताण उत्पन्न होतो. फळीच्या मध्यभागी हा ताण कसाबसा सामावून जातो. परंतु टोकापाशी त्यास अडविणारे लाकूडच नसल्यामुळे फळी चिरते. कधी ही चीर तत्काळ दिसते. कधी ती केसाएवढी राहून पावसाळा-उन्हाळ्याच्या फुगण्या-आकसण्याने वर्ष-दोन वर्षांनी उघडी पडते. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे.

वाटाड्या भोकाने नेमके एवढेच साधते की, गाभ्यापुरती जागा आधीच रिकामी होते. मग आटे दोन्ही बाजूंच्या निकोप लाकडात स्वच्छ खोबण कापीत जातात. धरून ठेवण्याचे काम आटे करतात, गाभा नव्हे. तेव्हा भोक पाडल्याने पकड जाते ही समजूत निराधार आहे. ‘चंचुप्रवेशात् मुसलप्रवेशः’ ही उक्ती आपण पुष्कळदा वाईट अर्थाने वापरतो. येथे ती चांगल्या अर्थाने लागू पडते. आधी चोच शिरू द्यावी, मग मुसळ सुखाने शिरते.

याविषयी प्रयोगही झालेले आहेत. अमेरिकेत मॅडिसन येथे १९१० साली स्थापन झालेल्या वनोत्पादन प्रयोगशाळेचा ‘वुड हँडबुक’ हा ग्रंथ या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. त्यात म्हटले आहे की, खिळ्याच्या जाडीच्या सुमारे नव्वद टक्के मापाचे भोक आधी पाडून खिळा मारला, तर तो भोकाशिवाय मारलेल्या खिळ्यापेक्षा उपटण्यास काहीसा अधिक जड जातो. भोक पाडल्याने खिळा सैल बसेल अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी या एका वाक्यावर विचार करावा.

माप कोणते घ्यावे

भोक फार मोठे झाले तर आट्यांस धरावयास लाकूड उरत नाही. फार लहान झाले तर ते पाडून न पाडल्यासारखे. त्याच ग्रंथाप्रमाणे मऊ लाकडात स्क्रूच्या गाभ्याच्या सुमारे सत्तर टक्के आणि कठीण लाकडात सुमारे नव्वद टक्के मापाचे भोक योग्य होय. आपल्या भाषेत सांगायचे तर सहा नंबरच्या स्क्रूस मऊ लाकडात १.५ मि.मी. व कठीण लाकडात २ मि.मी.; आठ नंबरास २ व २.५ मि.मी.; दहा नंबरास २.५ व ३ मि.मी. पाइन किंवा देवदार ही मऊ बाजूस धरावीत. सागवान, ऐन, बाभूळ ही कठीण बाजूस. बाभळीसारख्या चिवट लाकडात माप पुरते गाभ्याएवढे घेतले तरी हरकत नाही. माप पाठ नसल्यास एक साधी युक्ती आहे. बिट व स्क्रू एकापुढे एक धरून डोळ्यांसमोर उजेडात पाहावेत. बिटामागे स्क्रूचा गाभा झाकला जावा आणि आटे मात्र दोन्ही बाजूंस दिसत राहावेत.

भोकाची खोली स्क्रूच्या लांबीएवढी किंवा किंचित कमी असावी. बिटाला त्या ठिकाणी चिकटपट्टीचा वेढा दिला की भोक अधिक खोल जात नाही. स्क्रूच्या आट्यांवर थोडे मेण फिरवावे. त्याने तो हलका फिरतो आणि पकडीत सांगण्यासारखी घट होत नाही. देव्हाऱ्याच्या किंवा कपाटाच्या बिजागऱ्यांस पितळी स्क्रू लावावयाचे असतील तर आणखी एक काळजी घ्यावी. पितळ मऊ असल्याने कठीण सागवानात त्या स्क्रूची मान मुरगळून तुटते. म्हणून वाटाड्या भोकात आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून काढावा आणि त्याने पाडलेल्या आट्यांत पितळी बसवावा.

दोन फळ्या जोडताना

येथे बहुतेक ठिकाणी चूक होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एका फळीवर दुसरी फळी जोडताना एकाच मापाचे भोक दोहोंतून आरपार पाडणे बरोबर नव्हे. वरच्या फळीतील भोक स्क्रूच्या पूर्ण जाडीएवढे, म्हणजे आठ नंबरास सुमारे ४.५ मि.मी. असावे, खालच्या फळीतील भोक तेवढे बारीक असावे. याचे कारण असे की, वरच्या फळीतही आटे रुतले तर स्क्रू दोन्ही फळ्यांस होत्या त्या अंतरावर जखडून ठेवतो. मध्ये अर्धा मि.मी. फट असेल तर ती कितीही पिळले तरी मिटत नाही, उलट पिळून पिळून आटे जातात. वरची फळी मोकळी असली म्हणजे स्क्रूचे डोके तिला खाली दाबते, खालचे आटे ओढतात आणि जोड घट्ट आवळला जातो. चपट्या डोक्याच्या स्क्रूसाठी वर छोटी वाटीसारखी खोलगट जागा करावी, म्हणजे डोके लाकडाशी समपातळीत बसते व फळीचे तोंड चिरत नाही.

हे डोके वर राहण्याचे प्रकरण आम्हा धान्यवाल्यांस विशेष महत्त्वाचे. थप्पीखाली जे लाकडी पाट घालतात त्यांचा एखादा खिळा वर आला किंवा चिरलेल्या फळीची कपची उभी राहिली, तर तळाच्या पोत्यास भोक पडते. पन्नास किलोची पंधरा पोती एकावर एक रचली असता तळाच्या पोत्यावर सातशे किलोंचा भार असतो. अशा पोत्यास पडलेले छिद्र आपोआप रुंदावते आणि गळती थप्पी उतरविल्याशिवाय थांबविता येत नाही. त्या सांडलेल्या दाण्यांवर उंदीर, किडे जमतात ते वेगळेच. पाट करविताना फळीच्या टोकाजवळच्या खिळ्यांस तरी भोक पाडण्याचा आग्रह धरावा. घाईत तेही न जमल्यास खिळ्याचे टोक हातोडीने किंचित बोथट करून मारावे. बोथट टोक तंतूंत पाचर न मारता त्यांस चिरडीत जाते, त्यामुळे फळी चिरण्याचा संभव घटतो. मात्र पकडही काहीशी घटते, म्हणून ही तात्पुरती तोड समजावी.

लोखंड आणि भिंत

अलीकडे वखारीत लोखंडी अँगलचे मांडे सर्वत्र झाले आहेत. तेथे वाटाड्या भोकाचे कारण निराळे आहे. लोखंडास भोक पाडणारे पिळाचे बिट अमेरिकेतील स्टीव्हन मोर्स यांनी १८६३ साली पेटंट घेतलेल्या रचनेवर आधारलेले आहे. या बिटाच्या अगदी मध्यावर कापणारी धार नसते. छिन्नीसारखी एक बोथट कड असते, जी धातू कापीत नाही, केवळ दाबून बाजूस सारते. बारा मि.मी.चे भोक एकदम पाडू गेल्यास कारागिराचा बराचसा जोर या कडेवर खर्ची पडतो, बिट तापते, जागेवरून घसरते आणि भोक वाकडे जाते. आधी पंचाने खूण करून तीन मि.मी.चे भोक पाडले की मधल्या कडेस कामच उरत नाही आणि धारा आपले काम सुखाने करतात. मात्र पहिले भोक फार मोठे घेऊ नये. तसे केल्यास मोठे बिट कडेवर अडकून झटका देते आणि मनगट मुरगळते.

भिंतीचा प्रकार आणखी वेगळा. स्क्रूस भिंतीत आटे पाडता येत नाहीत, म्हणून गिट्टी लागते. पूर्वी सुतार लाकडाची गिट्टी तासून भिंतीत ठोकीत. इंग्लंडात जॉन रॉलिंग्ज यांनी १९११च्या सुमारास तागाचे दोर एकत्र चिकटवून पहिली कारखानी गिट्टी केली. जो ताग आपण पोत्यांत पाहतो तोच. पुढे १९५८ साली जर्मनीत आर्टुर फिशर यांनी नायलॉनची गिट्टी काढली आणि तिचाच वंश आज प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. गिट्टीचे भोक तिच्याच मापाचे हवे; परंतु ते एकदम न पाडता आधी बारीक बिटाने सुरुवात करणे हिताचे. बेळगाव, खानापूर आणि गोवे या भागांतील जुन्या घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. जांभा सच्छिद्र असल्याने मोठे बिट ठोक्यासह चालविले तर भोकाचे तोंड ढासळते व गिट्टी सैल पडते. आधी ठोक्याशिवाय बारीक भोक, मग योग्य मापाचे, मग आतील भुकटी फुंकून साफ करणे आणि मग लांब गिट्टी, असा क्रम ठेवावा. विटांच्या भिंतीत भोक विटेत घ्यावे, सांध्यातील चुन्यात नव्हे.

येथे एक सूचना गृहिणी-भगिनींसाठी. झोपाळ्याच्या कड्या केवळ मळसूत्राच्या भरवशावर तुळईत फिरवू नयेत, मग भोक कितीही शास्त्रशुद्ध असो. माणसाचा भार झुलतो तेथे तुळईतून आरपार बोल्ट व वर रुंद पट्टी घालून पाना लावावा. मूल झोपाळ्यावर बसते ते त्या कडीच्या विश्वासावर.

भोक न पाडल्यास चालते काय

काही ठिकाणी चालते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बारीक स्क्रू मऊ लाकडात किंवा प्लायवूडच्या मधल्या भागात यंत्राने सरळ बसतात. टोकाशी कापणारी खाच असलेले नव्या धर्तीचे स्क्रू स्वतःची वाट बऱ्याच अंशी स्वतः काढतात. परंतु फळीच्या टोकाजवळ, कठीण लाकडात, प्लायवूडच्या अथवा भुशाच्या पाटीच्या कडेत आणि जेथे भार लटकतो तेथे भोकास पर्याय नाही. सध्या सर्वत्र मिळणारे काळे स्क्रू मुळात जिप्समच्या पातळ पाट्या बसविण्यासाठी केलेले आहेत. ते कडक पण ठिसूळ असतात, कठीण लाकडात पिळताना मान तुटते आणि तुटलेला तुकडा आत राहतो. बिजागरी अथवा कडी-कोयंडा यांस ते वापरू देऊ नयेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या पेठेतील एका दुकानात वानगीच्या डब्यांची लांब फळी एके सकाळी भिंतीच्या खुंट्यांसह खाली आली. दुपारच्या वेळी तिच्याच खाली हमाल मंडळी विसाव्यास बसत. सकाळ होती म्हणून कोणास इजा झाली नाही. निघालेले स्क्रू मी हातात घेऊन पाहिले. आट्यांत लाकडाचा भुगा भरलेला होता आणि खुंटीचे लाकूड उभे चिरले होते. स्क्रू चांगले होते, लाकूड सागवान होते. दोहोंची गाठ मात्र हातोड्याने घातलेली होती.

मालकाचे कर्तव्य

आता आरंभी राखून ठेवलेला मुद्दा. चांगल्या सुतारास हे सारे ठाऊक असते. तो ते करीत नाही, कारण आपण त्यास करू देत नाही. आज बहुतेक काम चौरस फुटावर ठरते. फूट भरले की पैसे मिळतात. भोकाचे वेगळे पैसे नाहीत. त्यात आपण मागे उभे राहून ‘आज संध्याकाळी माल यायचा आहे, आटपा’ असा धोशा लावतो. मग हातोडा हाच जवळचा मार्ग ठरतो. दिसणाऱ्या कामाचे दाम द्यायचे आणि न दिसणाऱ्या कामाचे द्यायचे नाही, असा व्यवहार आपण ठेवला, तर न दिसणारे काम कोणी का करावे?

हिशेब तरी किती मोठा आहे? साठ स्क्रूंचा मांडा धरा. एका भोकास अर्धा मिनिट म्हणजे एकूण तीस मिनिटे. दोन-तीन बारीक बिटांची किंमत एका पोत्याच्या गळतीहून कमी. उलट बाजूस चिरलेली फळी, फाटलेली पोती, एका हिसक्यासरशी निघणारा वखारीचा कोयंडा आणि देव न करो, हमालाच्या डोक्यावर येणारा भार. ज्या हमालाच्या पाठीवर आपला व्यापार चालतो, तो आपल्या फळीखाली निर्धास्तपणे बसतो. ती फळी कशी बसविली आहे हे त्यास ठाऊक नसते. ते ठाऊक असण्याचे आणि नीट करवून घेण्याचे उत्तरदायित्व मालकाचे आहे.

म्हणून माझी सभासद बांधवांस नम्र विनंती आहे की, पुढील खेपेस सुतारास काम सांगताना तीन गोष्टी ठरावातच घालाव्यात. भार पेलणाऱ्या प्रत्येक स्क्रूस आधी भोक. स्क्रूवर हातोडा नाही. आणि या कामाचा वेळ मजुरीत धरलेला. मग काम चालू असताना एक-दोन स्क्रू स्वतः काढून आट्यांकडे पाहावे. लाकडातील खोबण स्वच्छ असेल तर सुतारास शाबासकी द्यावी आणि चहा सांगावा; भुगा निघाला तर काम तेथेच थांबवावे. अस्तु.